पडसाद : भाग ७
बॅटरी कुठे आहे?

फुफ्फुसाच्या धमनीत बसवतात त्या सेन्सरबद्दल आज लिहायचं कबूल केलं होतं. ते एक आठवडा पुढे ढकलतो, कारण मिरजेच्या एका वाचक बाईंचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न ओलांडून पुढे जाणं मला जमणार नाही. त्यांच्या सासऱ्यांना पेसमेकर आहे. बॅटरी संपत आली म्हणून गेल्या वर्षी तो बदलावा लागला. त्या लिहितात : ‘तिळाएवढ्या सेन्सरमध्ये बॅटरी मावत नाही, बाहेरून सोडलेल्या आवाजातूनच त्याला वीज मिळते, इथवर समजलं. पण मोजलेलं परत सांगायलाही आवाज काढावा लागेल ना? तेवढी ताकद तो कुठून आणतो?’

तो आवाज काढतच नाही. त्याच्यावर आदळलेला आवाज परत फिरताना किंचित बदलून जातो, आणि तो बदल हाच निरोप. या सगळ्या विषयात मला सर्वांत देखणी वाटणारी गोष्ट हीच, म्हणून आजचा अख्खा भाग तिच्यावर.

ही युक्ती पहिल्यांदा गाजली ती हेरगिरीत. १९४५ साली मॉस्कोत सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकी राजदूत ॲव्हरेल हॅरिमन यांना लाकडात कोरलेलं अमेरिकेचं राजचिन्ह भेट दिलं. ते राजदूतांच्या निवासस्थानी भिंतीवर लागलं आणि १९५२ पर्यंत तिथेच राहिलं. आत ना बॅटरी होती ना वायर. होती फक्त धातूची एक पोकळ डबी, तिच्यावर ताणलेला पातळ पडदा आणि एक अँटेना. बाहेरून रशियन लोक तिच्यावर रेडिओलहरी सोडत. खोलीत कुणी बोललं की पडदा थरथरे, आणि परत जाणाऱ्या लहरींमध्ये ती थरथर उमटे. बाहेर बसलेला माणूस त्यातून संभाषण वेगळं काढी. लहरी सोडणं थांबवलं की ती डबी निव्वळ धातूचा तुकडा होई, त्यामुळे तपासणीत सापडणं फार कठीण. ही करामत लेव्ह थेरेमिन यांची. हात न लावता वाजणारं ‘थेरेमिन’ हे वाद्यही त्यांचंच.

आता रेडिओच्या जागी अल्ट्रासाउंड घ्या आणि पडद्याच्या जागी पिझो स्फटिक. हा पदार्थ दाबला की वीज देतो, हे पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं, आणि वीज दिली की तो थरथरतोही, हे तिसऱ्या भागात आलंच आहे. सोनोग्राफीच्या प्रोबच्या तोंडाशी अशाच स्फटिकांची रांग असते. मी बावीस वर्षं या यंत्रांच्या दुरुस्तीत काढली. एखादा स्फटिक मेला की चित्रात उभी काळी रेघ पडते. नेमका कोणता मेला ते पाहायला आम्ही जेल न लावता प्रोबच्या तोंडावरून कागदाची पिन हळूच सरकवायचो. पिन जिवंत स्फटिकाला टेकली की पडद्यावर तिथे उजळ पट्टा उमटायचा, मेलेल्यावर काहीच नाही. स्फटिकाला काय टेकलंय यावर त्याचं वागणं ठरतं, हे माझ्या बोटांना पुस्तकाआधी कळलं.

स्फटिकाला काय टेकलंय, हे विजेच्या बाजूनेही बदलता येतं. डग्ग्यावर थाप तीच मारायची, पण मनगट टेकवून दाबलं की नाद बदलतो. सेन्सरमध्ये हे मनगटाचं काम एक ट्रान्झिस्टर करतो. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मिशेल महार्बिझ आणि होसे कार्मेना यांच्या गटाने २०१६ मध्ये ‘न्यूरल डस्ट’ उंदराच्या सायटिक नसेवर बसवला. लांबी ३ मिलिमीटर, रुंदी आणि उंची प्रत्येकी साधारण १. नसेत संदेश धावला की तिथला विजेचा दाब बदलतो, ट्रान्झिस्टरमधून जाणारा प्रवाह बदलतो, स्फटिकावरचं ओझं बदलतं आणि पडसाद कमीजास्त होतो. बाहेरचा प्रोब तेवढाच फरक वाचतो.

पण शरीरात पडसाद शेकड्याने उठतात : कातडीचा, चरबीचा, स्नायूच्या पडद्यांचा. त्यातून सेन्सरचा कसा ओळखायचा? इथे ध्वनीचा सावकाशपणा उपयोगी पडतो. मऊ ऊतींमध्ये तो सेकंदाला साधारण १५४० मीटर जातो. सेन्सर ५ सेंटिमीटर खोल असेल तर जाऊन येऊन १० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ६५ मायक्रोसेकंद. प्रोबने छोटा ठोका द्यायचा, गप्प व्हायचं आणि बरोबर पासष्टाव्या मायक्रोसेकंदाच्या आसपास कान द्यायचा. आधी आलेलं सगळं वरच्या थरांचं. रेडिओलहर एवढ्या अंतरावरून इतक्या झटकन परतते की गेलेली आणि आलेली वेगळी करणंच अवघड.

दुसरा फायदा लांबीचा. २ मेगाहर्ट्झच्या ध्वनीची लहर शरीरात पाऊण मिलिमीटरच्या आसपास भरते. त्याच कंपनसंख्येची रेडिओलहर हवेत १५० मीटर लांब. शरीरात ती आखडते, तरी मिलिमीटरच्या जवळपास येत नाही. तिळाएवढ्या अँटेनाने ती पकडायची कशी? शिवाय अमेरिकेच्या नियमांत तपासणीच्या अल्ट्रासाउंडला दर चौरस सेंटिमीटरला ७२० मिलिवॉटपर्यंत मुभा आहे. रेडिओलहरींसाठी हीच मर्यादा १० च्या घरात.

बर्कलेच्याच महार्बिझ यांच्या गटाने २०२१ मध्ये मेंढीच्या स्नायूतला ऑक्सिजन याच वाटेने मोजला. साडेचार घन मिलिमीटरच्या त्या सेन्सरमध्ये एक बारीक एलईडी आहे आणि प्रकाश पडला की चमकणारा रंगाचा थर. ऑक्सिजन जितका जास्त, तितकी चमक लवकर विझते. ती विझण्याची वेळ शून्य आणि एकच्या आकड्यांत बदलून पडसादावर चढवली जाते. ऊती गुदमरतेय का, हे आज बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरून कळत नाही, कारण तो धमनीतल्या रक्ताचं सांगतो. खोल स्नायूत किंवा बदललेल्या मूत्रपिंडात प्रत्यक्ष किती पोचतंय, ही बातमी निराळी आहे आणि ती हवीच आहे.

बाईंच्या प्रश्नाचं सर्वांत टोकाचं उत्तर मात्र २०२४ चं. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात जॉन रॉजर्स यांच्या गटाने सर्किट हा प्रकारच काढून टाकला. शरीरात विरघळून जाणाऱ्या जेलच्या पातळ तुकड्यात धातूच्या चकत्या, बस. आतड्याच्या टाक्यांमधून गळती झाली की आसपासची आम्लता बदलते, जेल फुगतं, चकत्या एकमेकींपासून दूर सरकतात. नेहमीच्या सोनोग्राफीत ते अंतर दिसतं. त्याच वर्षी वूहानच्या हुआझोंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २ मिलिमीटरचा जेलचा ठोकळा सुईने कवटीत सोडून डुकरांच्या मेंदूवरचा दाब मोजला. जेलमध्ये हवेच्या नळ्यांची शिस्तशीर रांग आहे. दाबाने ठोकळा चेपला की त्याचा पडसाद वेगळ्या कंपनसंख्येवर सरकतो. हे वाचलं त्या रात्री मी किती तरी वेळ जागा होतो.

हृदयापाशी आलं की हे सगळं अवघड होतं. अल्ट्रासाउंडला हवा ओलांडवत नाही, म्हणून तर जेल लावतात. हृदय फुफ्फुसांनी अर्धं झाकलेलं, पुढे बरगड्या. टू-डी इको काढताना डाव्या कुशीवर वळायला सांगतात ते त्यासाठीच : हृदय छातीच्या भिंतीकडे येतं, फुफ्फुस जरा बाजूला होतं आणि दोन बरगड्यांमधली फट मोकळी होते. तिळाएवढा सेन्सर त्या फटीतून शोधायचा, तोही दर ठोक्याला हलणारा आणि रुग्ण घरी एकटा असताना.

म्हणूनच हजारो रुग्णांच्या फुफ्फुसाच्या धमनीत आज जो बसलाय, ज्याला अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली, त्या कार्डिओमेम्सने पडसादाचीच युक्ती घेतली खरी, पण ध्वनी सोडून रेडिओलहरी निवडल्या. लहर एवढी लांब, तरी त्यांनी ती पकडली कशी, ते पुढच्या भागात.