उसने विरजण

सुबाभळीचा पाला शेळ्यांना घालावा, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त नको, असा सल्ला शेळीपालकांना हमखास मिळतो. उरुळी कांचनच्या ‘बायफ’ने, म्हणजे मणिभाई देसाईंच्या संस्थेने, या मूळच्या मेक्सिकोकडच्या झाडाचा मोठा प्रसार केला. पाल्यात प्रथिने भरपूर, पण जोडीला मिमोसीन हे विषही. घोड्याने तो फार खाल्ला तर आयाळ आणि शेपूट झडते.

रवंथ करणाऱ्यांची तऱ्हा निराळी. त्यांच्या कोठीपोटातले नेहमीचे जंतू मिमोसीन मोडतात खरे, पण अर्धेच. मागे उरते ‘डीएचपी’, आणि ते थायरॉईडच्या मुळावर उठते. क्वीन्सलँडमधल्या गुरांना गलगंड होई, वजन वाढत नसे. हवाई बेटांवरच्या शेळ्या मात्र तोच पाला मनसोक्त खाऊन ठणठणीत!

ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संस्थेतल्या रेमंड जोन्स यांना वाटले, फरक शेळीत नसून तिच्या पोटातल्या बिऱ्हाडकरूंमध्ये असावा. १९८० च्या दशकात त्यांनी हवाईतल्या शेळीच्या कोठीपोटातले जंतू आणवून ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना दिले. शेजारणीकडून विरजण मागून आणावे, तसे. आणि ते लागले! डीएचपी पोटातच मोडू लागले. खरी गंमत पुढे आहे. कळपातल्या मोजक्या जनावरांना डोस पाजला, तरी सोबत चरणाऱ्या बाकीच्यांपर्यंत जंतू आपसूक पोचत. एका वाटीतले विरजण आळीभर जाते, त्यातलाच प्रकार.

अमेरिकेतल्या मिल्टन ॲलिसन आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये या जंतूचे बारसे केले: सिनर्जिस्टिस जोनेसी. स्वारी विक्षिप्त. प्राणवायू सोसत नाही, साखरेला तोंड लावत नाही. प्रोबायोटिक पेयांच्या जाहिरातींत पोटातल्या जंतूंचा एवढा उदोउदो चालतो, पण जोन्स यांचे नाव त्यात कधी कानावर पडत नाही. त्यांच्या प्रयोगात विष कोणते, ते मोडणारे जंतू आले कुठून आणि गुरांना फायदा काय, हे सारे स्पष्ट होते. बाटलीवरचा मजकूर तिथेच गुळमुळीत होतो.

तरी गोष्ट इतकी सरळ राहिली नाही. क्वीन्सलँड विद्यापीठातल्या मॅक्स शेल्टन यांच्या गटाला पुढे इंडोनेशियात अशी गुरे आढळली, की लघवीत डीएचपी भरपूर आणि प्रकृती उत्तम. त्यांचे यकृतच ते विष बांधून टाकते, असे या गटाचे म्हणणे. जंतूंचे श्रेय किती आणि यकृताचे किती, हा हिशेब त्यामुळे पुन्हा मांडावा लागला. क्वीन्सलँडमधल्या पशुपालकांना मात्र ते विरजण सरकारी प्रयोगशाळेतून विकत मिळत राहिले.