सहकारी, संस्था आणि राजीनामा

गेल्या वर्षी काही दिवस बंगळुरात भाचीकडे राहण्याचा योग आला. तिचे बिऱ्हाड एचएसआर लेआउटमध्ये आहे. होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांवरून ह्या वसाहतीस हे नाव पडले. एका अंगाला अगरा तलाव, तर दुसऱ्या अंगाला केंद्रीय रेशीम मंडळाच्या कचेरीवरून ओळखला जाणारा सिल्क बोर्डाचा चौक. रेशमाचा आणि त्या चौकातील वाहतुकीचा काही संबंध असलाच, तर तो गुंत्यापुरताच असावा! घराघरांच्या तळमजल्यांवर लहानमोठ्या संगणक-कंपन्यांच्या कचेऱ्या आहेत, आणि सायंकाळी तलावाकाठी फिरणाऱ्या तरुण मंडळींत मराठी शब्दही कानी पडतात.

अशाच एका सायंकाळी भाची म्हणाली, “मामा, राजीनामा लिहून ठेवलाय. पाठवायचा तेवढा बाकी आहे.”

कारण विचारले, तेव्हा तिने एका सहकाऱ्याचा पाढा वाचला. काम हिने करावे आणि वरिष्ठांपुढे ते त्याने आपले म्हणून मांडावे. कबूल केलेली गोष्ट वेळेवर करू नये. रात्री दहा वाजता निरोप धाडून सकाळी उत्तर मागावे. यात नवे काही नाही. भांड्याला भांडे लागायचेच. परंतु रोज नऊ-दहा तास तोच नाद कानाशी होत राहिला, म्हणजे शहाण्या माणसाचेही चित्त ठिकाणावर राहत नाही. मी एवढेच विचारले, “तुला काम नकोसे झाले आहे, की माणूस?” तिला चटकन उत्तर देता आले नाही.

हा प्रश्न मला सुचला तो पुण्यातील एका जुन्या प्रकरणावरून. १८८० च्या १ जानेवारीस न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. पुढल्या वर्षी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे निघाली. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र राहिले. सहकाऱ्यांचे नाते याहून घट्ट ते कोणते असावे? पण पाच-सहा वर्षांतच या दोघांचे पटेनासे झाले. आगरकर ‘केसरी’चे संपादक, सामाजिक सुधारणेविषयी त्यांना जे लिहावेसे वाटे, ते पत्राच्या इतर चालकांस मानवेना. १८८७ मध्ये त्यांनी संपादकत्व सोडले आणि पुढल्या वर्षी ‘सुधारक’ काढला. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की पत्र सोडले तरी त्यांनी शिक्षणसंस्था सोडली नाही. १८९२ साली आपट्यांच्या निधनानंतर ते फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि १८९५ मध्ये मृत्यूने गाठीपर्यंत त्या पदावर राहिले.

टिळकांचे नेमके उलट झाले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनी अल्प वेतनावर सगळा वेळ संस्थेस द्यावा, बाहेरची मिळकत करू नये, असा त्यांचा आग्रह. वेतनवाढ आणि बाहेरची कामे यांवरून सभांमध्ये वर्षानुवर्षे खडाजंगी चालली. १८९० साली गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले, ते अखेरचे निमित्त झाले. त्या डिसेंबरात टिळकांनी आपल्या राजीनाम्याची कारणे सांगणारे प्रदीर्घ निवेदन संस्थेस दिले. त्यांनी महाविद्यालय सोडले, ‘केसरी’ मात्र हाती ठेवला. चरितार्थासाठी कायद्याचा वर्ग होता, आणि लातूरला भागीदारीत सरकी काढण्याचा कारखानाही त्यांनी काढला. तत्त्वासाठी घर सोडणाऱ्यानेही चुलीची व्यवस्था पाहिली, हे चरित्रे वाचताना आपण विसरतो.

म्हणजे दोघांनीही सोडले, आणि दोघांनीही धरून ठेवले. जिथे आपल्याला जे करावयाचे ते करता येईना, ती जागा त्यांनी सोडली. जिथे ते साधत होते, तिथे कटकट सोसली. कोण बरोबर होते याचा निवाडा मी करीत नाही. टिळकांच्या निघून जाण्यात सहकाऱ्यांविषयीचा राग मुळीच नव्हता, असे म्हणणेही धाडसाचे होईल. परंतु ते जाण्यापूर्वी बोलले, भांडले, आणि मगच गेले.

आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याच पेचाचा विचार केला आहे. संस्था बिघडू लागली म्हणजे माणसापुढे दोन वाटा असतात : निघून जाणे किंवा आवाज उठवणे, आणि संस्थेविषयीची निष्ठा या दोहोंमधला तोल ठरवते. त्याला ही कल्पना नायजेरियातील रेल्वेवरून सुचली. नाराज ग्राहक मुकाट्याने मालमोटारींकडे वळत, त्यामुळे रेल्वेच्या चालकांस सुधारण्याची निकड भासेना. कचेरीत तेच घडते. समंजस माणसे न बोलता निघून जातात आणि त्रास देणारा पुढच्या माणसाच्या वाट्याला येतो.

म्हणून भाचीला मी म्हटले, आधी त्या गृहस्थाशी एकट्याने बोल. ‘तुम्ही नेहमी असेच करता’ या वाक्याने भांडण होते; ‘मंगळवारचा अहवाल मी लिहिला होता, त्यावर माझे नाव नव्हते’ या वाक्याला उत्तर द्यावे लागते. तारखांची टिपणे ठेव. त्याने भागले नाही, तर वरिष्ठांकडे जा. आणि वरिष्ठच त्याला पाठीशी घालीत असतील, तर दोष एका माणसाचा नाही, घडीचाच आहे, असे समज. तशा ठिकाणी रेंगाळण्यात अर्थ नाही. आणि प्रकृती ढासळू लागली असेल, तर एवढ्या पायऱ्या मोजत बसण्याचेही कारण नाही.

मग हिशेबाचे बोलणे निघाले. करारात किती महिन्यांची पूर्वसूचना आहे? भविष्यनिर्वाह निधीची चिंता नव्हती, कारण २०१४ पासून सभासदाचा क्रमांक नोकरी बदलली तरी तोच राहतो. उपदानासाठी मात्र कायम नोकरीत सर्वसाधारणपणे सलग पाच वर्षे भरावी लागतात, आणि हिची चार वर्षे सात महिने झालेली! दुसरी नोकरी हाती नव्हती. सहा महिन्यांचे घरभाडे शिलकीत आहे का, असे विचारताच ती हसली. एचएसआर लेआउटमधील भाडे ऐकून मीही गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी ती त्या सहकाऱ्याशी बोलली. त्याने सारे हसण्यावारी नेले. तेव्हा तिने वरिष्ठांस लेखी कळवून दुसऱ्या गटात बदली मागितली. मी निघालो तेव्हा उत्तर यायचे होते. राजीनामा तिने फाडला नव्हता. त्यावरची तारीख तेवढी खोडली होती.