लिनक्स शिकू या! (भाग ४) : टर्मिनलमधला पहिला तास

गेल्या आठवड्यात आपण लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवर घेतले आणि हार्ड डिस्कला धक्का न लावता संगणक त्यावरून सुरू केला. अशा लाइव्ह सेशनमध्ये होम फोल्डरात केलेले काम संगणक बंद होताच पुसले जाते. त्यामुळे नवख्याने बिनधास्त सराव करायला ही जागा उत्तम. पथ्य एकच : हार्ड डिस्क उघडायची नाही आणि ‘सुडो’ने सुरू होणारी आज्ञा अजून वापरायची नाही.

कंट्रोल, ऑल्ट आणि टी ही बटणे एकत्र दाबा, टर्मिनल उघडेल. खालच्या आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत, अक्षरे जोडून टाइप करायच्या आणि एंटर दाबायचे.

पहिली आज्ञा ‘पीडब्ल्यूडी’. आपण कुठे आहोत, हे ती सांगते. उत्तर येईल : स्लॅश, होम, स्लॅश, मिंट. विंडोजमधले सी आणि डी ड्राइव्ह इथे नाहीत. सगळ्या फाइलींचे मूळ एकच, आणि त्याची खूण म्हणजे सुरुवातीचा स्लॅश. दुसरा पेन ड्राइव्ह लावून उघडलात, तर तोही याच मुळाखाली ‘मीडिया’ फोल्डरात दिसेल.

आता ‘एमकेडीआयआर’ लिहून एक जागा सोडा आणि ‘सराव’ हे नाव द्या. मराठी कीबोर्ड जोडलेला असेल, तर नाव देवनागरीतही चालते. एंटर दाबल्यावर पडद्यावर काहीच उमटणार नाही. बरेच जण इथे गोंधळतात आणि तीच आज्ञा पुन्हा देतात. काम सुरळीत झाले, तर गप्प राहायचे, ही युनिक्सची जुनी रीत आहे. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९६९ साली युनिक्सचे काम सुरू केले, तेव्हा संगणकाची उत्तरे संथ टेलिटाइप यंत्रावर कागदावर छापली जात. आज्ञा आखूड आणि उत्तरे मोजकी ठेवण्यातच सोय होती. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये हेलसिंकीत लिनक्स लिहायला घेतले ते याच वळणावर.

म्हणून काम झाले की नाही, हे आपणच पाहायचे. ‘एलएस’ द्या, यादीत ‘सराव’ दिसेल. ‘सीडी’ आणि फोल्डरचे नाव देऊन आत जा. ‘टच’ने ‘यादी’ नावाची रिकामी फाइल करा, ‘सीपी’ने तिची प्रत काढा, ‘एमव्ही’ने प्रतीचे नाव बदला. प्रत्येक आज्ञेनंतर ‘एलएस’ देऊन काय बदलले ते पाहा. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. इंग्रजी नावात मोठे आणि लहान अक्षर वेगळे धरले जाते. आणि नव्या नावाची फाइल आधीच असेल, तर ‘सीपी’ आणि ‘एमव्ही’ सहसा न विचारता तिच्यावर नवी लिहितात.

शेवटी ‘आरएम’, म्हणजे फाइल पुसणे. टर्मिनलमधून पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही, थेट जाते. ‘आरएम’पुढे जागा सोडून उणे चिन्ह आणि लगेच ‘आय’ लिहिलेत, तर पुसण्याआधी प्रश्न विचारला जातो. सुरुवातीपासून हीच सवय लावा.

मध्येच ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ असा संदेश येईल. घाबरून खिडकी बंद करू नका. त्या नावाचे इथे काही नाही, एवढेच तो सांगतो. मग ‘पीडब्ल्यूडी’ देऊन जागा तपासा, ‘एलएस’ देऊन स्पेलिंग ताडून पाहा. नुसत्या आज्ञा पाठ केल्या तर आठवड्यात विसरतात. चूक शोधून दुरुस्त केलेली आज्ञा हातात बसते.

पुढच्या भागात परवानग्या आणि ‘सुडो’ शिकू. तोवर आजचा सराव पुस्तकात न पाहता जमेपर्यंत रोज करा, आणि आलेले उत्तर वाचल्याशिवाय पुढची आज्ञा देऊ नका.