अण्णा परत येतात तेव्हा

एखादी मालिका परत येतेय अशी जाहिरात दिसली की मी आधी एकच बघते: सांगायला नवं काही आहे का? ‘रात्रीस खेळ चाले’ या भुताटकीच्या मालिकेकडे होतं. 2016 च्या पहिल्या पर्वात घरातले कर्ते अण्णा नाईक सुरुवातीलाच गेले. मग 2019 मध्ये लेखकांनी काळ मागे नेला आणि अण्णा जिवंत, रगेल, शेवंताच्या मागे! अण्णा झालेल्या माधव अभ्यंकरांची ती नजर, अपूर्वा नेमळेकरची शेवंता आणि आकेरी गावातला तो वाडा. भुतापेक्षा माणसाचीच भीती वाटायची. 2021 चं तिसरं पर्व मात्र मला ओढूनताणून आणलेलं वाटलं. (आमच्या सासूबाईंना हे मुळीच पटत नाही.) तेव्हा कोणतीही मालिका परत आली की नव्या पर्वाचे पहिले चार भाग बघा, पात्रं तेच तेच बोलू लागली तर खुशाल चॅनेल बदला.