वाळीत टाकणे गुन्हा ठरेपर्यंत

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला. सरकारी खर्चाचे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असे त्यात म्हटले होते. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले, अर्थात कागदावर. २० मार्च १९२७ला बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरची माणसे खरोखरच तळ्यावर पाणी प्यायली, तेव्हा महाडला भरलेल्या त्यांच्या परिषदेच्या मंडपात घुसून मारहाण झाली आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तळ्यावरून कोर्टकज्जा चालला १९३७पर्यंत. अस्पृश्यांना अडवण्याची वहिवाट फार प्राचीन असल्याचे सवर्ण वादींना सिद्ध करता आले नाही आणि उच्च न्यायालयाने निकाल बाबासाहेबांच्या बाजूने दिला.

हा भाग शाळेच्या पुस्तकातही येतो. स्टार्ट समिती मात्र फारशी कोणाला आठवत नाही. मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीच्या चौकशीसाठी ही समिती १९२८मध्ये नेमली. बाबासाहेब आणि ठक्करबाप्पा दोघेही तिचे सदस्य होते. १९३०च्या अहवालात तिने गावगाड्याची खरी ताकद नेमकी ओळखली. सामाईक विहिरीवर हक्क सांगितला, जमिनीचा तुकडा घेतला, बरे कपडे किंवा दागिने घातले, नवरदेव घोड्यावरून नेला, एवढ्यावरून अख्ख्या वस्तीवर बहिष्कार पडत होता. मजुरी बंद, दुकानातला माल बंद, वाटही बंद. मारहाण झाली तर पोलिसात जाता येते, पण सगळ्या गावाने बोलणे टाकले तर फिर्याद कोणावर करायची?

म्हणून १९३०च्या पहिल्या गोलमेज परिषदेत बाबासाहेब आणि आर. श्रीनिवासन यांनी जे निवेदन दिले, त्यात बहिष्कार हा स्वतंत्र गुन्हा ठरवावा, अशी मागणी होती. मसुद्यासाठी त्यांनी ब्रह्मदेशाचा १९२२चा बहिष्कारविरोधी कायदा समोर ठेवला. मागणी मान्य झाली नाही. माझ्या मते हक्कांच्या कायद्यांचे अर्धे अपयश इथेच आहे. हक्क दिला, पण तो वापरणाऱ्याला गाव जी शिक्षा करते तिला हात लावला नाही.

स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांताने वेगळ्या बाजूने प्रयत्न केला. १९४९च्या कायद्याने कोणत्याही समाजाने आपल्या सदस्याला बहिष्कृत करणे बेकायदा ठरले आणि त्यासाठी हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मप्रमुख सय्यदना यांनी त्याला आव्हान दिले. धर्माच्या कारणावरून बहिष्कृत करणे ही संप्रदायाची अंतर्गत धार्मिक बाब आहे, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी १९६२ रोजी चार विरुद्ध एक मतांनी कायदा रद्द केला. तो एक म्हणजे सरन्यायाधीश बी. पी. सिन्हा. बहिष्कृत माणूस आपल्याच समाजात अस्पृश्य होतो, हे त्यांनी ओळखले होते. मला आजही अल्पमताचा तोच निकाल जास्त पटतो.

पुढची पन्नासेक वर्षे राज्यात या जागी काहीच नव्हते. केंद्राचा १९५५चा अस्पृश्यता कायदा (१९७६पासून नागरी हक्क संरक्षण कायदा) आणि १९८९चा अॅट्रॉसिटी कायदा होता, पण जातीने जातीतल्याच माणसाला वाळीत टाकले तर त्यांचा उपयोग नव्हता. रायगड जिल्ह्यात गावकीच्या बैठका कुटुंबांना वाळीत टाकत राहिल्या. २०१३मध्ये नाशिकला आंतरजातीय लग्न केलेल्या गरोदर मुलीचा बापानेच खून केला. त्यानंतर नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली. त्याच ऑगस्टमध्ये दाभोलकरांचा खून झाला, मोहीम मात्र चालू राहिली.

१३ एप्रिल २०१६ला, आंबेडकर जयंतीच्या आदल्या दिवशी, विधिमंडळाने सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा मंजूर केला. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो ३ जुलै २०१७पासून लागू झाला. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य. गोलमेज परिषदेतल्या निवेदनानंतर मध्ये शहाऐंशी वर्षे गेली. लग्नाला, अंत्यविधीला, स्मशानभूमीत, समाजमंदिरात अडवणे, मुलांना एकमेकांशी खेळू न देणे, हे सगळे त्यात गुन्हा म्हणून नोंदले आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आरोपपत्रानंतर सहा महिन्यांत खटला संपवायचा आहे.

कायद्याची उणीवही सांगायला हवी. गुन्हा दखलपात्र असला तरी जामीनपात्र आहे आणि न्यायालयाच्या परवानगीने त्यात तडजोड होऊ शकते. ज्या गावात पंचांशिवाय पान हलत नाही, तिथे तडजोड कोणाच्या सोयीची होणार, हे सांगायला वकील लागत नाही. साक्षीला उभे राहणारेही त्याच गावचे. तडजोडीचे कलम काढून टाकले पाहिजे.

तोवर हातात आहे तो कायदा तरी वापरावा. तक्रार पीडित व्यक्ती स्वतः किंवा तिच्या कुटुंबातले कोणीही करू शकते. पोलिसांनी टाळाटाळ केली तर थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते आणि वसूल झालेला दंड पीडिताला देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते.