पाळी चुकण्याआधीची गोळी
(गर्भाचं पोषण : लेखांक ४)

मागच्या लेखात लोहाबद्दल लिहिलं. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून मिळणाऱ्या लोहाच्या गोळीत फोलिक ॲसिडही असतं. रक्तवाढीसाठी ते हवंच. पण बाळाच्या व्यंगाचा विचार केला तर चौथा महिना फार उशिराचा.

या जीवनसत्त्वाची कथा मुंबईत सुरू होते. १९२८ साली लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर हाफकिन संस्थेत आली. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांमध्ये तिला एक वेगळाच पांडुरोग दिसला : तांबड्या पेशी कमी, पण आकाराने मोठ्या. यीस्टचा अर्क, म्हणजे बाजारातलं साधं मार्माइट दिल्यावर या बायकांचं रक्त भरू लागलं. हे तिने १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. अर्कातला तो गुणकारी घटक म्हणजे फोलेट; गोळीतलं फोलिक ॲसिड हे त्याचंच रूप. पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून तो वेगळा काढला गेला.

बाळाच्या मेंदूशी आणि मणक्याशी त्याचं नातं कळायला मात्र आणखी अर्धं शतक गेलं. गर्भाच्या पाठीवरची सपाट पट्टी दुमडून तिच्या कडा करंजीसारख्या जुळतात आणि मज्जानलिका तयार होते. वरचं टोक उघडं राहिलं तर कवटी आणि मेंदू नीट बनत नाहीत, असं बाळ जगत नाही. खालची बाजू उघडी राहिली तर स्पायना बिफिडा : पाठीवर गाठ, पायात बळ नाही, लघवीवर ताबा नाही. हे सगळं गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत ठरतं. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे. अनेकींनी तोवर तपासणीही केलेली नसते, दवाखान्यात नाव घालणं तर दूरच.

पक्का पुरावा १९९१ मध्ये मिळाला. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने सात देशांत, आधी असं बाळ झालेल्या बायकांवर चाचणी घेतली. फोलिक ॲसिड घेणाऱ्यांत ६ बाळांना हा दोष आढळला, न घेणाऱ्यांत २१. धोका ७२ टक्क्यांनी घटला. इतर सात जीवनसत्त्वांचा मात्र या दोषावर परिणाम दिसला नाही. रंगीत डबीतलं महागडं टॉनिक घेणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

मेथी, पालक, मूग, हरभरा यांत फोलेट भरपूर असतं. पण ते पाण्यात उतरतं आणि उष्णतेने नासतं. पालक उकडून पाणी मोरीत ओतलं की बरंचसं तिथेच गेलं. म्हणून भाजी खावीच, पण तिच्यावर विसंबू नये. शुद्ध शाकाहारी घरांत बी-१२ ही कमी असतं. फोलेटचं काम त्याच्या जोडीनेच चालतं, तेव्हा तेही तपासून घ्यावं.

मूल हवं असं ठरवलंत की, निदान महिनाभर आधीपासून रोज फोलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करा आणि पहिले तीन महिने चालू ठेवा. आधीच्या बाळाला हा दोष असेल तर मात्रा दहापट लागते, ती डॉक्टरांनीच ठरवायची. फिट्सची औषधं चालू असतील तर ती आपल्या मनाने बंद करू नका, दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना भेटा.

पुढच्या आठवड्यात : आयोडीन.