आयसीयूतला शिकवायचा वेळ

व्हेंटिलेटर लावलेल्या रुग्णाची उंची मी रेसिडेंटला टेपने मोजायला लावते. समजा, बाई १५५ सेंटिमीटर उंच आणि ९० किलो वजनाची आहे. वजन वाढलं म्हणून फुप्फुसं वाढत नाहीत. ती उंचीच्या हिशेबात असतात. उंचीवरून तिचं वजन ४८ किलो धरायचं. किलोमागे ६ मिलिलिटर म्हणजे एका श्वासाला साधारण २९० मिलिलिटर हवा. काट्यावरचं वजन धरलं तर ५४०! सुजलेली फुप्फुसं एवढ्या हवेने आणखी दुखावतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात किलोमागे १२ऐवजी ६ मिलिलिटर दिल्यावर मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आलं.

हे पुस्तकात आहेच. पण रात्री तीन वाजता, ऑक्सिजन घसरत असताना ते हातून घडायचं तर शेजारी सिनियर लागतो. आयसीयू भरला की सगळ्यांत आधी सिनियरचा हाच शिकवायचा वेळ जातो. सिनियर स्वतःच नळी घालून पुढच्या बेडकडे धावतो आणि शिकणारा रिपोर्ट गोळा करत राहतो.

कोविडात हे फार झालं. व्हेंटिलेटर खोक्यांतून आले, पण ते चालवणारे डॉक्टर तसे येत नाहीत: भूलशास्त्राची एमडी तीन वर्षांची आणि त्यापुढे क्रिटिकल केअरची डीएम आणखी तीन वर्षांची. त्यात एमडीची प्रवेशपरीक्षा, एप्रिल २०२१मधली नीट-पीजी, सप्टेंबरात झाली, प्रवेशफेऱ्या कोर्टात अडकून जानेवारी २०२२मध्ये सुरू झाल्या. तोवर पहिल्या वर्षाची तुकडीच नव्हती. तिचं काम वरच्या मुलांनी ओढलं. त्यांचं जे शिकायचं राहिलं, ते भरून द्यायला कोणी वेळ दिला नाही, याचा मला अजून राग येतो.

नातेवाईक विचारतात, “मॅडम, हा शिकाऊ डॉक्टर आईला हात लावणार?” लावणार, मी शेजारी असताना. त्यांची भीती मला कळते. धोका असतो तो त्याला एकट्याला सोडण्यात.

म्हणून नवे बेड मंजूर होताना त्याच कागदावर शिकवणाऱ्या कन्सल्टंटची पदंही असावीत. आठवड्यातले शिकवण्याचे तास ड्यूटीच्या तक्त्यात लिहिलेले असावेत आणि त्या वेळी रुग्ण सांभाळायला दुसरा डॉक्टर नेमलेला असावा. साथ आली तरी हे तास शेवटी कापावेत, आणि साथ ओसरल्यावर त्या तुकडीला ते परत मिळावेत.